मागाच्या खोलीत शिरल्यावर डोळ्यात काय होतं

बेळगावच्या वडगावात आमच्या विणकरांच्या गल्लीत मे महिन्यातल्या दुपारी समोरच्या भिंतीचा चुना डोळ्यांत टोचायचा. चेंडू शेजारच्या अण्णांच्या घरात गेला की आम्ही पोरं तशीच धावत आत शिरायचो, आणि उंबरा ओलांडला की मिट्ट काळोख. पुढं मागाचा खड्डा आहे हे ठाऊक असायचं, दिसायचं मात्र काहीच नाही. आतून अज्जींचा आवाज यायचा, "निल्लो, स्वल्प निल्लो. डोळ्याला सवय होऊ दे, मग ये." घर कानडी, गल्ली बरीचशी मराठी, त्यामुळं एका दमात दोन्ही भाषा. आम्ही चौकटीला धरून थांबायचो. धोट्याचा खटक-खटक आवाज आधी जागा सांगायचा. मग मागाचा सांगाडा, मग अण्णांचे हात, आणि शेवटी ताण्याचे सुटे धागे एकेक करून काळोखातून वर यायचे.

त्या दोन मिनिटांत खोलीतला उजेड वाढलेला नसायचा. कौलात बसवलेली एक काच, तेवढाच काय तो उजेड. बदल व्हायचा तो डोळ्यात. आता खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो, आणि दरवर्षी डोळ्याचा धडा आला की मला ती चौकट आठवते. फळ्यावर आपण डोळा काढतो तो कॅमेऱ्यासारखा: पुढं भिंग, मागं पडदा, पडद्यावर उलटं चित्र, तिथून एक तार मेंदूकडं. मुलं आकृती काढतात, नावं देतात, गुण मिळवतात. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट राहून जाते, ती म्हणजे तो मागचा पडदा नुसतं चित्र झेलत नाही. चित्र मेंदूकडं धाडायच्या आधी तो त्याची निवड करतो, तुलना करतो, काही भाग खोडतो, काही ठळक करतो.

त्या पडद्याला आपण दृष्टिपटल म्हणतो. आमच्याकडची कानडी माध्यमाची मुलं अक्षिपटल म्हणतात. दोन्हींत पटल आहे, म्हणजे पडदा, आणि हे नाव मला फार आवडतं, कारण त्याची रचना खरोखर विणीची आहे. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. गर्भात बाळाचा मेंदू तयार होत असताना त्याचाच एक कोंब पुढं वाढत येतो आणि त्यातून दृष्टिपटल बनतं. म्हणजे हा मेंदूचाच एक तुकडा आहे, उजेड बघण्यासाठी पुढं येऊन बसलेला.

ताण्याचे उभे धागे तीन टप्प्यांचे. पहिल्या टप्प्यावर उजेड पकडणाऱ्या पेशी: मंद उजेडासाठी दंडपेशी, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी. दंडपेशी एका डोळ्यात सुमारे ९ ते १२ कोटी, शंकूपेशी ४५ ते ६० लाख. दुसऱ्या टप्प्यावर द्विध्रुवी पेशी, ज्या निरोप पुढं नेतात. तिसऱ्या टप्प्यावर गँग्लिऑन पेशी, ज्यांचे लांब तंतू एकत्र येऊन मेंदूकडं जाणारी नस बनते. या उभ्या धाग्यांतून आडवे विणलेले धागेही आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या सांध्यावर आडव्या पेशी, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सांध्यावर अ‍ॅमाक्राइन पेशी. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघत ही वीण हातानं चितारली. चेतासंस्थेच्या रचनेवरच्या कामासाठी त्यांना १९०६ साली नोबेल मिळालं.

आता एक हिशोब बघा. उजेड पकडणाऱ्या पेशी दहा कोटींच्या घरात, आणि मेंदूकडं जाणारे तंतू सुमारे १० लाख. शंभर जणांनी सांगितलेलं एका निरोपात बसवायचं आहे. सगळं पाठवणं शक्यच नाही. मग काय पाठवायचं आणि काय गाळायचं, हे तिथल्या तिथं ठरवावं लागतं. पुढचा सगळा खटाटोप या एका अडचणीतून आलेला आहे.

पहिलंच आश्चर्य असं, की उजेड पकडणारी पेशी अंधारात जास्त बोलते. अंधारात ती ग्लुटामेट नावाचं रसायन पुढच्या पेशीवर सतत सोडत असते. उजेड पडला की ते सोडणं कमी होतं. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास म्हणतात, "सर, उलटं झालं की!" उलटंच आहे. आणि पुढं त्याला दोन फाटे फुटतात. द्विध्रुवी पेशींतला एक गट ग्लुटामेट कमी झालं की जागा होतो, दुसरा ग्लुटामेट वाढलं की जागा होतो. म्हणजे "इथं उजळलं" हे सांगणारी एक वाट आणि "इथं अंधारलं" हे सांगणारी दुसरी, दोन्ही इथूनच वेगळ्या निघतात. काळ्या पदरावरचा पांढरा धागा जितका महत्त्वाचा, तितकाच पांढऱ्या पदरावरचा काळा धागा. दोघांनाही स्वतःची वाट मिळालेली आहे.

आता आडव्या धाग्यांकडं वळू, कारण खरी कमाल तिथं आहे.

एखाद्या शंकूपेशीवर उजेड पडला की आडव्या पेशी आजूबाजूच्या बऱ्याच पेशींवर किती उजेड आहे याचा अंदाज घेतात आणि तो त्या पेशीच्या निरोपातून वजा करतात. पुढं जातं ते उरलेलं: "माझ्यावर शेजाऱ्यांपेक्षा इतका जास्त" किंवा "इतका कमी". साध्या आकड्यांत मांडू. अख्ख्या भिंतीवर सारखा उजेड आहे, प्रत्येक पेशीला १० मिळतात, शेजाऱ्यांची सरासरीही १०. वजा केल्यावर हाती जवळपास काहीच नाही. आता भिंतीवर सावलीची कड आली. एका बाजूला १०, दुसऱ्या बाजूला ४. उजेडाच्या बाजूला अगदी कडेला बसलेल्या पेशीचे काही शेजारी अंधारात आहेत, म्हणून तिच्या शेजाऱ्यांची सरासरी समजा ८. तिच्या हाती २ उरतात. अंधाराच्या बाजूच्या कडेला नेमकं उलटं, ४ मधून ६ गेले, उणे २. सपाट भाग गप्प, कड मात्र दोन्ही बाजूंनी ओरडते आहे.

हा परिणाम स्वतः बघता येतो. उन्हात दाराच्या चौकटीची सावली जमिनीवर पडते तिथं सावलीची कड थोडी धूसर असते. नीट बघितलं तर त्या धूसर पट्ट्याच्या उजेडाकडच्या बाजूला एक जास्तच उजळ रेघ दिसते आणि सावलीकडच्या बाजूला एक जास्तच काळी रेघ. जमिनीवर तशा रेघा नसतात. ऑस्ट्रियाचे अर्न्स्ट माख यांनी १८६५ साली त्यांचं वर्णन केलं आणि शेजारच्या पेशी एकमेकींना दाबत असणार असा तर्क मांडला. पुरावा यायला पुढं जवळजवळ एक शतक गेलं. अमेरिकेत हॅल्डन केफर हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्रातल्या जीवाच्या डोळ्यावर प्रयोग केले. एका घटकावर उजेड टाकला की त्याची नस टकटक करते, म्हणजे विजेचे बारीक ठोके पाठवते, आणि शेजारच्या घटकावरही उजेड टाकला की ती टकटक मंदावते, हे त्यांनी मोजून दाखवलं. स्टीफन कुफ्लर यांनी १९५३ साली मांजराच्या डोळ्यात गँग्लिऑन पेशी तपासल्या. लहानशा ठिपक्याला जोरात उत्तर देणारी पेशी तोच ठिपका मोठा केल्यावर थंड पडत होती. उजेड वाढवला आणि उत्तर घटलं! वरची वजाबाकी ठाऊक नसेल तर हे कोडंच वाटेल.

विणकरांच्या गल्लीत वाढल्यामुळं मला यातला एक किस्सा फार जवळचा वाटतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत १८२४ साली मिशेल शेव्रेल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडं रंगखात्याचा कारभार आला. काही रंगांबद्दल तक्रारी होत्या, त्यातली एक म्हणजे काळा रंग फिका पडतो. त्यांनी धागा तपासला, रंग तपासला, दुसरीकडच्या काळ्याशी ताडून बघितला. रंगात काही खोट नव्हती. त्या काळ्या धाग्याशेजारी विणलेले दुसरे रंग त्याला फिकं दाखवत होते. यावर त्यांनी १८३९ साली ग्रंथ लिहिला. अण्णा शाळेत फारसे गेले नव्हते, पण राखाडी धाग्याची कांडी हातात घेऊन ते सांगायचे, "हा काळ्या काठाला लावला तर चांदी दिसतो, पांढऱ्याला लावला तर राख." धागा तोच. यातलं सगळं दृष्टिपटलातच घडतं असं मात्र समजू नका. मेंदूही पुढं आपली भर घालतो. पण शेजाऱ्याशी तुलना करायची सुरुवात डोळ्याच्या त्या पाव मिलिमीटरात झालेली असते.

या तुलनेची आपल्याला किती गरज आहे ते पेपरवरून कळतं. लक्स हे उजेड मोजायचं माप. ट्यूबलाइटखाली घरात साधारण ३०० लक्स उजेड असतो, भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स. पेपरचा कागद पडलेल्या उजेडाच्या साधारण ६० टक्के परत पाठवतो, आणि शाई समजा ६ टक्के. घरात पांढऱ्या कागदावरून डोळ्याकडं येतात १८०. उन्हात काळ्या शाईवरून येतात ६,०००. म्हणजे अंगणातली काळी अक्षरं घरातल्या पांढऱ्या कागदापेक्षा तीस पटींहून जास्त उजेड डोळ्यात टाकतात! तरी ती आपल्याला काळीच दिसतात आणि घरातला कागद पांढराच दिसतो. डोळ्यानं नुसता उजेड मोजला असता तर अंगणात पेपर कोरा पांढरा दिसला असता आणि घरात काळा ठिक्कर. टिकून राहतं ते गुणोत्तर. घरात असो की उन्हात, कागद शाईच्या दहापट. दृष्टिपटल त्या दहापटीला धरून चालतं.

पण मग दुसरी अडचण उभी राहते. चांदणं नसलेल्या रात्री, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात, हजारांश लक्स उजेड असतो. तिथपासून दुपारच्या उन्हापर्यंत फरक १० कोटी पटींचा. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिचा व्यास २ मिलिमीटरपासून फार तर ८ मिलिमीटरपर्यंत जातो. क्षेत्रफळ वाढतं १६ पट. दहा कोटींपुढं सोळा म्हणजे काहीच नाही. दुसरीकडं गँग्लिऑन पेशीची नस सेकंदाला जास्तीत जास्त काही शे वेळा टकटक करू शकते. एवढ्याशा पट्टीवर दहा कोटी पटींचा पसारा मावणार कसा?

बेळगावात कुंद्याच्या दुकानात गेलात तर दुकानदार आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो आणि बटण दाबून काटा शून्यावर आणतो. मग कुंदा भरतो. डब्याचं वजन गेलं, उरलं ते कुंद्याचं. दृष्टिपटल क्षणोक्षणी हेच करतं. आत्ता आजूबाजूला जो सर्वसाधारण उजेड आहे त्याला ते शून्य धरतं आणि त्याच्या वरखाली काय होतं तेवढंच कळवतं. एवढ्यावर भागत नाही, काट्याची नजरही बदलावी लागते. गुळाच्या ढेपा तोलणाऱ्या काट्यावर सोन्याची अंगठी ठेवली तर तो हलणार नाही, आणि सोनाराच्या काट्यावर ढेप ठेवली तर तो मोडेल. डोळ्यात एकच काटा उन्हात गुळाचा होतो आणि मागाच्या खोलीत सोनाराचा.

ही सोय एका ठिकाणी नाही. पहिल्याच टप्प्यावर, शंकूपेशीच्या पोटात, कॅल्शियमचा खेळ चालतो. अंधारात पेशीच्या भिंतीतली बारीक दारं उघडी असतात आणि त्यांतून कॅल्शियम आत येत राहतं. उजेड पडला की दारं मिटतात, आतलं कॅल्शियम घटतं. आणि हे घटणंच पेशीच्या आतल्या यंत्रणेला दारं पुन्हा थोडी उघडायला लावतं. उजेड तसाच कायम असला तरी पेशी मधल्या अवस्थेकडं परत येते, पुढच्या बदलाला मोकळी होते. तिनं स्वतःच शून्याचं बटण दाबलं. दुसऱ्या टप्प्यावर आडव्या पेशी शेजाऱ्यांचं वजन काढून घेतात. तिसऱ्या टप्प्यावर आणखी एक जुळवणी आहे. १९९७ साली सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी) आणि ससा यांच्या दृष्टिपटलावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. दृश्यातला काळा-पांढरा फरक बराच वेळ कमी राहिला की गँग्लिऑन पेशी फरकाच्या बाबतीत जास्त हळव्या होतात, फरक मोठा असला की बोथट होतात, हे त्यांत दिसलं. जुलैत जांबोटीकडून चोर्ल्याला जाताना धुकं उतरतं तेव्हा मला हे आठवतं. सुरुवातीला सगळं एकसारखं राखाडी, आणि काही वेळानं झाडं, दगड, वळणं त्याच राखाडीतून थोडी सुटी होऊ लागतात. रस्त्याच्या ओळखीचाही त्यात भाग असेल, पण डोळाही तिकडं काम करतोच आहे.

मागाच्या खोलीत दोन मिनिटांत जे घडायचं ते बहुतेक शंकूपेशींच्या आणि या जुळवण्यांच्या बळावर. रात्रीच्या खऱ्या अंधाराची गोष्ट निराळी. तिथं दंडपेशी लागतात, आणि त्यांना वेळ लागतो. दंडपेशीत जे रंगद्रव्य असतं त्याचा एक भाग जीवनसत्त्व अ-पासून बनतो. उजेडाचा कण आदळला की तो वाकलेला भाग सरळ होतो आणि पेशी निरोप देते. पण सरळ झालेला तुकडा पुन्हा वापरायचा तर तो मागच्या थरात नेऊन परत वाकवून आणावा लागतो. भर उन्हात हे रंगद्रव्य भराभर खर्ची पडतं आणि ते भरून यायला वेळ जातो. अंधारात गेल्यावर शंकूपेशी सात-आठ मिनिटांत आपली कमाल गाठतात. दंडपेशी त्यानंतर त्यांना मागं टाकतात आणि अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ सुधारतच राहतात. पूर्ण सरावलेल्या दंडपेशीला उजेडाचा एक कणसुद्धा पुरतो. दृष्टिपटलात जीवनसत्त्व अ आहे हे जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ साली शोधलं. १९६७ चं नोबेल त्यांना, हार्टलाइन यांना आणि रॅग्नर ग्रॅनिट यांना मिळून देण्यात आलं.

म्हणूनच हे जीवनसत्त्व कमी पडलेलं मूल दिवेलागणीला ठेचकाळतं. आपण रातांधळेपणा म्हणतो. आपल्या देशात १९७० पासून लहान मुलांना जीवनसत्त्व अ-चे डोस देण्याचा कार्यक्रम चालू आहे तो यासाठीच. शेवग्याचा पाला, पपई, गाजर घरात असू दे. आणि संध्याकाळी एखादं मूल चाचपडायला लागलं तर ते धांदरट आहे असं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. कारणं दुसरीही असतात, काही घराण्यात चालत आलेली, आणि ती लवकर कळलेली बरी.

मागच्या वर्षी आठवीच्या मुलांना तारे दाखवायला गावाबाहेरच्या माळावर नेलं होतं. एकानं विचारलं, "सर, मग दिवसा दंडपेशी काय करालेत?" भर उजेडात त्यांचा काटा टोकाला जाऊन अडकलेला असतो, त्या जवळजवळ गप्प असतात. आणि रात्री मेंदूपर्यंत जायला त्यांची स्वतःची अशी वेगळी नसही नाही. त्यांचा निरोप त्यांच्या द्विध्रुवी पेशीकडं जातो, तिथून एका खास अ‍ॅमाक्राइन पेशीकडं, आणि ती तो शंकूपेशींच्या वाटेवर चढवते. तीच सडक, दिवसा एकाची वाहतूक, रात्री दुसऱ्याची.

रात्री आणखी एक बदल होतो, आणि या सगळ्या विषयात मला तो सर्वांत सुंदर वाटतो. दिवसा शेजाऱ्यांना वजा करणारी ती वीण गडद अंधारात ढिली पडते. मांजराच्या डोळ्यात हे १९५७ साली दिसलं: खूप वेळ अंधारात ठेवल्यावर गँग्लिऑन पेशींची आजूबाजूला दाबण्याची सवय नाहीशी झाली. कारण सरळ आहे. मूठभर कण हाती लागत असताना वजाबाकी करून चालणार नाही, जमेल तितकं एकत्र करावं लागतं. शेकडो दंडपेशींचे निरोप एकत्र होऊन एका पेशीपर्यंत पोहोचतात. दिवसा तुलना, रात्री बेरीज. हा पालट घडवण्यात डोपामिन नावाच्या रसायनाचा हात असतो. काही अ‍ॅमाक्राइन पेशी ते उजेडात सोडतात, आणि त्याच्या पातळीनुसार शेजारच्या पेशींमधल्या सूक्ष्म खिडक्या उघडतात किंवा मिटतात. बेरजेची किंमत मोजावी लागतेच. चांदण्यात माणूस येताना दिसतो, पण त्याचा चेहरा ओळखू येत नाही, आणि पेपर तर वाचताच येत नाही.

त्या माळावर मुलांना मी कृत्तिकांचा पुंजका दाखवला. सरळ बघितला तर चार-पाच तारे. नजर किंचित बाजूला ठेवली तर जास्त दिसतात आणि पुंजका उजळतो. नजरेच्या नेमक्या मध्याला दंडपेशी नसतातच, तिथं शंकूपेशींची दाटी असते. दिवसा सुईत दोरा ओवायला तोच मध्य उपयोगी पडतो, रात्री मंद ताऱ्याला तो आंधळा. रंगांचंही तसंच. परसातली तांबडी जास्वंद तिन्हीसांजेला बघा: दुपारी पानांपेक्षा फूल झळकत असतं, अंधारताना फूल काळं पडतं आणि पानं मात्र दिसत राहतात. दंडपेशींना तांबडा उजेड जवळजवळ जाणवत नाही, हिरव्या-निळ्याकडचा जाणवतो. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे फुलांवरूनच टिपलं होतं.

तुलना शेजाऱ्यांशी चालते तशी मागच्या क्षणाशीही. उजेड पकडणाऱ्या पेशींच्या वर रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं आणि त्याची सावली जन्मापासून त्यांच्यावर पडते आहे. ती आपल्याला कधी दिसत नाही, कारण ती हलत नाही. प्रयोगशाळेत बाहेरचं चित्रही डोळ्याबरोबर हलेल अशी सोय केली तर तेही काही सेकंदांत विरून जातं. आपले डोळे सतत बारीक थरथरत असतात म्हणून जग टिकून दिसतं. काही पेशी तर हालचालीची दिशाही ओळखतात. होरेस बार्लो आणि विल्यम लेव्हिक यांनी १९६५ साली सशाच्या दृष्टिपटलात दाखवलं की अमुक एका गँग्लिऑन पेशीला एका दिशेनं जाणारी वस्तू चेतवते आणि उलट दिशेची गप्प करते. धोटा डावीकडून उजवीकडं गेला की उजवीकडून डावीकडं, हे मेंदूला कळायच्या आधीच तिथं नोंदलं जातं.

पुणे-बेंगळुरू रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्यांना याची एक बाजू रोज भोगावी लागते. समोरून वरचा झोत आला की क्षणात सगळे काटे गुळाचे होतात. गाडी निघून जाते, पण काटे परत सोनाराचे व्हायला काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात आपली गाडी शंभर-दोनशे मीटर पुढं गेलेली असते. वय वाढेल तसा हा वेळ वाढतो. झोताकडं बघू नका, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग आधीच कमी करा. आणि आपला झोत खाली घ्या, कारण समोरच्याच्या डोळ्यातही हेच चाललेलं असतं.

आता एक प्रयोग करा. दोन्ही हात समोर ताठ धरा, अंगठे वर आणि एकमेकांना चिकटलेले. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्यानं डाव्या अंगठ्याच्या नखाकडं टक लावून बघा, आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडं सरकवा. साधारण वीतभर अंतरावर त्याचं टोक नाहीसं होईल. आणखी सरकवलं की परत येईल. जिथून ते १० लाख तंतू डोळ्याबाहेर पडतात तिथं उजेड पकडणारी पेशीच नाही, म्हणून ते भोक. पण भोक दिसतं का? अंगठा गेला तिथं काळा ठिपका नसतो, मागची भिंत असते. मेंदू आजूबाजूला बघून ती जागा भरून काढतो.

अण्णांच्या बाबतीत हेच घडलं. साठीनंतर त्यांच्या साड्यांत डाव्या काठाला दोष येऊ लागले. धागा तुटलेला असायचा आणि ते पुढं विणत जायचे. व्यापारी माल परत करायचा. अण्णांना वाटायचं सूत खराब येतंय, हात थकलाय. दिसण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, सुईत दोरा अजून जात होता. दोन वर्षांनी गल्लीत नेत्रतपासणीचं शिबिर झालं तेव्हा कळलं की काचबिंदू आहे. या आजारात गँग्लिऑन पेशी एकेक करून मरतात, बहुतेक वेळा कडेकडून आणि न दुखता-खुपता, आणि मेंदू ती भोकं त्या अंगठ्यासारखीच भरून काढत राहतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. डोळ्यातला दाब उतरवणाऱ्या थेंबांनी उरलेल्या वाचवता येतात. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या असं डॉक्टर म्हणतात ते एवढ्याचसाठी, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर आधीच.

अण्णा आता सकाळ-रात्र थेंब घालतात. माग अजून आहे, थोडंफार विणतात. दर चार बोटं वीण झाली की धोटा ठेवतात, मान पूर्ण डावीकडं वळवतात, आणि काठावरून बोट फिरवून बघतात.